कच्चे कैदी: तुरुंगाच्या अभ्यासात पाऊल ठेवणाऱ्यांसाठी

मुंबईत सात रस्त्याजवळ आर्थर रोडचा तुरुंग ज्या रस्त्यावर उभा आहे, त्या रस्त्याचे आजचे नाव साने गुरुजी मार्ग. पाटी बदलली तरी तुरुंगाला लोक आर्थर रोडच म्हणतात. तुरुंगाच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या मराठी वाचकाला मी नेहमी या पाटीपासून सुरुवात करायला सांगतो. साने गुरुजींनी 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून काढली. त्याच्या आदल्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरवून घेत. टिळकांचे ‘गीतारहस्य’ मंडालेचे, सावरकरांची ‘माझी जन्मठेप’ अंदमानची. मराठी माणसाने तुरुंग पाहिला तो या पुस्तकांच्या खिडकीतून. म्हणून आपल्याकडे ‘तुरुंगवास भोगला’ हे शब्द आदराने उच्चारले जातात, आणि तसे उच्चारले जावेत हे योग्यच आहे.

पण त्या खिडकीतून एक माणूस कधी नीट दिसला नाही. तो शेजारच्या बराकीत होता. त्याच्यावर चोरीचा, मारामारीचा, दारूचा गुन्हा होता. त्याला लिहिता येत नव्हते, येत असले तरी कागद मिळत नव्हता, आणि त्याचे लिहिलेले छापायला बाहेर कोणी थांबलेले नव्हते. राजकीय कैद्यांच्या आठवणींत तो येतो, पण कडेला: स्वयंपाक करणारा, पाणी भरणारा, कधी प्रेमळ तर कधी भीतीदायक. तुरुंगाचा अभ्यास हा या माणसाचा अभ्यास आहे. त्याने लिहिलेले पुस्तक आपल्याकडे नाही. त्याच्यावर लिहिलेले कागद मात्र ढिगाने आहेत.

एका शब्दाविषयी

सरकारी मराठीत ‘न्यायाधीन बंदी’ असा शब्द आहे. तुरुंगात, कोर्टाच्या आवारात, वर्तमानपत्रात लोक म्हणतात ‘कच्चा कैदी’. हा शब्द मला अतिशय नेमका वाटतो. आपल्या भाषेत कच्ची पावती असते, कच्चा आराखडा असतो, कच्ची नोंद असते. जे अजून कायम झालेले नाही, उद्या बदलू शकते, खोडताही येते, ते कच्चे. ज्याच्यावरचा आरोप अजून सिद्ध झालेला नाही आणि कायद्याच्या दृष्टीने जो आज निर्दोष आहे, तो कच्चा कैदी. त्याची कैद मात्र कच्ची नसते. कुलूप तेच, बराक तीच, रात्री कूस बदलायलाही न पुरणारी जागा तीच.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या तुरुंगविषयक अहवालानुसार 31 डिसेंबर 2022 रोजी देशातल्या 1,330 तुरुंगांत 5,73,220 माणसे होती. त्यांच्यासाठी अधिकृत जागा होती 4,36,266. यांपैकी 4,34,302 माणसे कच्ची होती, म्हणजे शंभरातली जवळपास शहात्तर. कच्च्या कैद्यांचा आकडा एकूण जागेच्या आकड्याशेजारी ठेवून पाहा. शिक्षा झालेला एकही माणूस आत नसता, तरीही आपले तुरुंग भरलेलेच दिसले असते. आर्थर रोडची क्षमता वर्षानुवर्षे 804 सांगितली जायची, आणि आत त्याच्या तिप्पट-चौपट माणसे असायची.

भारतातला तुरुंग ही मुख्यतः शिक्षेची जागा नाही, ती वाट पाहण्याची जागा आहे. निकालाची वाट पाहण्याआधी आरोपपत्राची, आरोपपत्राआधी वकिलाची, जामीन मिळाला तर जामीनदाराची, आणि रोजची म्हणजे तारखेची. मला या क्षेत्राविषयी जे सांगायचे आहे ते सगळे इथून निघते.

अमेरिकेकडून काय घ्यावे

या क्षेत्रातले सर्वाधिक वाचले गेलेले लेखन अमेरिकेतून आले आहे, आणि त्याला कारण आहे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांत मिळून दोन लाखांच्या आसपास माणसे होती. 2008 च्या सुमारास, स्थानिक कोठड्यांतली माणसे धरून, हा आकडा तेवीस लाखांच्या घरात गेला. या प्रकाराला इंग्रजीत जे नाव पडले त्याला मी मराठीत ‘घाऊक तुरुंगवास’ म्हणतो. माणूस एकेकटा, त्याच्या कृत्यासाठी, पारखून आत घातला जात नाही. वस्तीच्या वस्ती, वयोगटाच्या वयोगट उचलला जातो.

मिशेल अलेक्झांडर यांनी 2010 साली ‘द न्यू जिम क्रो’मध्ये दाखवले की कायद्याने संपवलेला वर्णभेद अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेच्या वाटेने परत आला. रूथ विल्सन गिलमोर या भूगोलाच्या अभ्यासक. 1982 ते 2000 या काळात कॅलिफोर्नियाच्या राज्य तुरुंगांतली माणसे जवळपास पाचशे टक्क्यांनी का वाढली, हे त्यांनी ‘गोल्डन गुलाग’मध्ये शोधले, आणि उत्तर गुन्ह्यांच्या आकड्यांत न शोधता पडीक झालेल्या शेतजमिनीत, बेकार झालेल्या मजुरांत आणि गुंतवणुकीला जागा हुडकणाऱ्या पैशात शोधले. नव्या विद्यार्थ्याने गिलमोर यांचे पुस्तक पद्धत शिकण्यासाठी वाचावे. तुरुंग कुठे बांधला, कोणाच्या जमिनीवर, कोणत्या पिकाच्या पडझडीनंतर, हे प्रश्न आपल्याकडे फारसे कोणी विचारलेले नाहीत.

मात्र अमेरिकेचा साचा जसाच्या तसा आणून भारतावर बसवू नका. तिथे दर लाख लोकांमागे पाचशेहून अधिक माणसे गजाआड आहेत. आपल्याकडे हा आकडा चाळिसाच्या आसपास आहे. फक्त ही तुलना पाहून ‘म्हणजे आपले बरे चालले आहे’ असे म्हणणारे अधिकारी आणि प्राध्यापक मला बरेच भेटले. ते एक गोष्ट विसरतात. वर्षाच्या शेवटच्या रात्री आत किती माणसे होती ही एक मोजणी झाली. वर्षभरात किती माणसे आत जाऊन आली ही दुसरी. 2021 साली सुमारे 18 लाख माणसे देशातल्या तुरुंगांत दाखल झाली. विहिरीची पातळी पाहून आत किती पाणी येते-जाते ते कळत नाही. पंधरा दिवस, दोन महिने, आठ महिने आत राहून माणूस बाहेर येतो तोवर रोजगार गेलेला असतो, खोलीचे भाडे थकलेले असते, मुलाची शाळा सुटलेली असते. पुढे तो निर्दोष सुटला तरी ते महिने कोणी परत देत नाही, आणि शिक्षेच्या कोणत्याही आकडेवारीत ते मोजलेही जात नाहीत.

ऐपतीचा दाखला

जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला, असे बाहेरच्यांना वाटते. जामीन मंजूर होणे आणि तुरुंगाच्या दरवाजाबाहेर पाऊल पडणे यांत कागदांची एक लांबलचक पायवाट आहे. न्यायालय म्हणते, पंधरा हजारांचा एक सक्षम जामीनदार द्या. सक्षम म्हणजे कोण? ज्याच्याकडे सातबारा आहे, घरपट्टीची पावती आहे, रेशनकार्डावर इथला पत्ता आहे, तहसीलदाराने दिलेला ऐपतीचा दाखला आहे. पोलीस पडताळणी करणार, कागद खरे आहेत असा अहवाल येणार. उत्तर प्रदेशातून किंवा मराठवाड्यातून मुंबईत येऊन फुटपाथवर किंवा कामाच्या जागेवर झोपणाऱ्या माणसाला हा जामीनदार कुठून मिळणार? त्याला ओळखणारे सगळे त्याच्यासारखेच, ऐपतीचा दाखला नसलेले.

1978 साली सर्वोच्च न्यायालयापुढे मोती राम विरुद्ध मध्य प्रदेश हे प्रकरण आले. अर्जदार गवंडीकाम करणारा. त्याला सोडायचे असा आदेश झालेला. दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीन मागितला, आणि सख्खा भाऊ जामीन राहायला आला तेव्हा त्याला नाकारले, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या गवंड्याला हजार रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला आणि गरिबाला परका जिल्हा म्हणजे परका देश असे मानणाऱ्या दृष्टीचा तीव्र शब्दांत समाचार घेतला. या निकालाला आता पंचेचाळीसहून अधिक वर्षे झाली. कोणत्याही जिल्हा न्यायालयाच्या आवारात जाऊन ‘बाहेरचा जामीनदार चालेल का’ असे विचारून पाहा, म्हणजे या क्षेत्रातला पहिला मोठा प्रश्न आपोआप समोर येईल: सर्वोच्च न्यायालयाचा निकाल खालच्या टेबलापर्यंत का पोहोचत नाही?

26 नोव्हेंबर 2022 रोजी, संविधान दिनाच्या समारंभात, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू लिखित भाषण बाजूला ठेवून तुरुंगात खितपत पडलेल्या गरिबांविषयी बोलल्या. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने जामीन मिळूनही आत असलेल्यांची माहिती मागवली, आणि जानेवारी 2023 मध्ये ठरवून दिले की जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंग अधीक्षकाला ई-मेलने जावा, आणि महिनाभरात जामीनदार उभा राहिला नाही तर न्यायालयाने अट सैल करण्याचा आपणहून विचार करावा. फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या संहितेत 2005 साली 436-अ हे कलम आले. त्यानुसार गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या कच्च्या कैद्याला सोडता येत असे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 479 व्या कलमाने याआधी कधीही दोषी न ठरलेल्यांसाठी ही मर्यादा एक-तृतीयांशावर आणली. तरतुदी चांगल्या आहेत. मग माणसे सुटत का नाहीत, याचे उत्तर कलमात सापडणार नाही. ते तुरुंगातल्या यादीत, ती यादी कोण तयार करतो यात, आणि एकाच माणसावर दोन-तीन गुन्हे असले तर हिशेब कसा धरतात यात सापडेल. असे कंटाळवाणे वाटणारे काम करायला या क्षेत्राला माणसे हवी आहेत.

एकाच न्यायाधीशाचे दोन निकाल

आणीबाणीविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. 25 जून 1975 च्या रात्रीपासून एकवीस महिन्यांत देशभरात एक लाख दहा हजारांहून अधिक माणसे मिसाखाली आणि भारत संरक्षण नियमांखाली डांबली गेली, हे शाह आयोगाने नोंदवले. येरवडा आणि नाशिक रोड भरले. कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गा भागवत आर्थर रोडला गेल्या. 28 एप्रिल 1976 रोजी जबलपूरच्या त्या प्रसिद्ध खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने सांगितले की आणीबाणी असताना बेकायदा अटकेविरुद्ध हेबियस कॉर्पसचा अर्जही करता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना विरोधात राहिले. बहुमतातल्या चौघांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड आणि पी. एन. भगवती होते. 2017 साली खासगीपणाच्या हक्काच्या निकालात हा जबलपूरचा निर्णय रद्द ठरवला गेला तेव्हा तो भाग लिहिणारे न्यायमूर्ती यशवंतरावांचे पुत्र धनंजय होते, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती भगवतींची गोष्ट. 1976 साली अर्जाचा दरवाजा बंद करणाऱ्यांत असलेले हेच न्यायमूर्ती तीन वर्षांनी, 1979 साली, हुसैनआरा खातून प्रकरणात बिहारच्या कच्च्या कैद्यांसाठी तोच दरवाजा सताड उघडतात. त्या प्रकरणाची सुरुवात एका पोलीस अधिकाऱ्यापासून झाली. नागपूरजवळच्या कामठीत जन्मलेले के. एफ. रुस्तमजी तेव्हा राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य होते. त्यांनी बिहारच्या तुरुंगांत पाहिलेले ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये लिहिले. गुन्हा सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती त्याहून अधिक काळ माणसे नुसती खटल्याची वाट पाहत आत होती. काही स्त्रियांवर तर आरोपच नव्हता. त्यांना ‘संरक्षणासाठी’ ठेवले होते. वकील कपिला हिंगोरानी यांनी ती कात्रणे घेऊन अर्ज केला. या खटल्यातून जलद सुनावणी हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग ठरला आणि पुढे सुमारे चाळीस हजार कच्चे कैदी सुटले असे सांगितले जाते.

नव्या अभ्यासकाने हे दोन निकाल एकापाठोपाठ एक वाचावेत. राजकीय कैद्याची बाजू 1976 साली हरली आणि अनामिक गरीब कैद्याची 1979 साली जिंकली, पण पुढच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत आठवण कोणाची टिकली? मिसाबंदी आज सन्माननीय आहेत, काही राज्यांत त्यांना मानधनही मिळते. हुसैनआरा प्रकरणात सुटलेल्यांची यादी मी कुठे पाहिलेली नाही.

सोलापूरचे तारेचे कुंपण

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला या विषयासाठी कॅलिफोर्नियाला जाण्याची गरज नाही. सोलापूरला जावे. तिथे एका वस्तीचे नाव आजही सेटलमेंट फ्री कॉलनी आहे.

1871 साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. माणसाने काही केले आहे का हा प्रश्नच त्यात नव्हता. अमुक जमातीत जन्मला म्हणून त्याची नोंद करायची, हजेरी लावायची, गाव सोडायचे तर परवाना घ्यायचा. 1911 साली कायदा सुधारून देशभर लागू करण्याजोगा झाला आणि मुंबई इलाख्यात जागोजागी सेटलमेंट उभ्या राहिल्या. सोलापूरची मोठी. कैकाडी, भामटा, पारधी, कंजारभाट, मांग गारुडी अशा जमातींची कुटुंबे तारेच्या कुंपणात राहिली, सकाळ-संध्याकाळ हजेरी देत राहिली आणि गिरणीत कामाला जात राहिली. अमेरिकेच्या संविधानाच्या 1865 च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी बंद केली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचे काम करवून घ्यायला वाट ठेवली. तिथे त्या वाटेने जे झाले आणि इथे कुंपण व गिरणी यांच्यामध्ये जे झाले, त्यांची तुलना करणारा एक प्रबंध कोणीतरी लिहायला हवा आहे.

31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा गेला. म्हणून हा दिवस विमुक्त दिन. पण राज्यांनी सराईत गुन्हेगारांसाठी नवे कायदे केले, मुंबई राज्याचा 1959 चा, आणि पोलीस ठाण्यातली नजर काही बदलली नाही. गावात चोरी झाली की पहाटे पारध्यांच्या पालावर गाडी जाते, हे ग्रामीण महाराष्ट्रात कोणालाही नवे नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ आणि लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ मराठीने साहित्य म्हणून वाचले, गौरवले. ते तुरुंगाच्या अभ्यासातले मूळ दस्तऐवज म्हणूनही वाचायला हवेत, कारण भिंतीशिवायची कैद कशी असते ते त्यांत आहे.

या धाग्याचे दुसरे टोक अगदी अलीकडचे आहे. पत्रकार सुकन्या शांता यांनी 2020 साली तुरुंगांतल्या जातीवर लिहिले. संडास साफ करण्याचे काम कोणाला, स्वयंपाकघर कोणाला, हे काही राज्यांच्या तुरुंग नियमावलीतच जातीवरून ठरलेले होते. त्यांच्याच याचिकेवर 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरवले, आणि विमुक्त जमातींना जन्मजात सराईत मानणाऱ्या तरतुदींवरही बोट ठेवले. प्रजासत्ताकाच्या पंचाहत्तराव्या वर्षापर्यंत हे नियम छापील पुस्तकात होते. हे लिहिताना मला राग येतो, आणि अभ्यासकाने तो लपवावा असे मला वाटत नाही.

याद्या लांबत जातात

शासनाच्या अतिरेकाविषयी बोलताना आपण सहसा मोठी नावे घेतो: मिसा, टाडा, पोटा, आता यूएपीए. घ्यायलाच हवीत. यूएपीएमध्ये 2008 साली आलेल्या 43-ड च्या पाचव्या पोटकलमाने आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तरी जामीन अडतो, आणि खटला सुरू न होता वर्षे जातात. कंपवाताने पेला हातात धरता न येणारे त्र्याऐंशी वर्षांचे स्टॅन स्वामी तळोजाच्या तुरुंगात स्ट्रॉ आणि सिपर मागत होते. 5 जुलै 2021 रोजी मुंबईच्या रुग्णालयात ते गेले, तेव्हाही कच्चे कैदीच होते.

पण अतिरेक वाढतो कसा हे समजून घ्यायचे तर एका कमी चर्चिलेल्या कायद्याकडे पाहावे. महाराष्ट्राचा 1981 चा एमपीडीए. झोपडपट्टीगुंड, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांचे गुन्हेगार यांना खटल्याशिवाय वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करण्यासाठी तो आला. मुंबईच्या त्या वर्षांतली गुंडगिरी आठवणाऱ्या कोणालाही त्यामागची निकड समजेल. पुढे त्यात धोकादायक व्यक्ती आल्या. 2009 साली व्हिडिओ पायरेट आले. 2015 साली वाळूतस्कर आणि जीवनावश्यक वस्तूंचा काळाबाजार करणारे आले. प्रत्येक भर घालताना कारण खरेच होते, वाळूतस्करीने नद्यांची काय दशा केली ते आपण पाहतोच. तरी यादीचा आकार पाहा. जो मार्ग अपवाद म्हणून उघडला, त्यात दर काही वर्षांनी नवी पाटी लागते, आणि आधीची एकही निघत नाही. 2025 च्या जुलैमध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले तेव्हाची चर्चा या यादीशेजारी ठेवून वाचावी.

याची मुळे संविधानातच आहेत, हेही अभ्यासकाने प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. अटकेनंतर चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करण्याची हमी आणि खटल्याशिवाय स्थानबद्धतेची मुभा, दोन्ही एकाच बाविसाव्या अनुच्छेदात आहेत. 1949 च्या सप्टेंबरात डॉ. आंबेडकरांनी हा अनुच्छेद घटना समितीपुढे मांडला, तो ‘रीतसर न्यायप्रक्रिया’ हे शब्द जीविताच्या हक्कातून गळाल्याची थोडीफार भरपाई म्हणून. ती भरपाई पुरली का, हा प्रश्न आजही उघडा आहे.

दुसरी बाजू, आणि माझी

या विषयावर बोलायला गेलो की कोणीतरी उठून विचारते, ‘आणि ज्याच्या घरी चोरी झाली त्याचे काय? जिच्यावर अत्याचार झाला तिचे काय?’ हा प्रश्न टाळणारा अभ्यास मला अर्धवट वाटतो. तारखांच्या रांगेत फिर्यादीही उभी असते. खटला सात वर्षे चालला तर तिला सात वर्षे ती रात्र आठवत ठेवावी लागते. ज्या दिरंगाईने कच्चा कैदी आत सडतो, त्याच दिरंगाईने साक्षीदार फुटतात, पंच गाव सोडून जातात आणि खरा गुन्हेगार सुटतो. फिर्यादीचे आणि कच्च्या कैद्याचे हित इथे एकच आहे, आणि हे अजून पुरेसे कोणी लिहिलेले नाही.

तुरुंगच नकोत असे म्हणणारा एक प्रवाह आहे. अँजेला डेव्हिस यांच्यासारख्यांनी तो गंभीरपणे मांडला आहे आणि तो जरूर वाचावा. माझे स्वतःचे मत सांगायचे तर, आपल्याकडे चारातले तीन कैदी कच्चे असताना ‘तुरुंग हवा की नको’ या वादात सगळी शक्ती घालणे मला परवडणारे वाटत नाही. आधी ते तीन बाहेर यावेत. उरलेल्या एकासाठी काय करता येते याची चुणूक आपल्या मातीतच आहे. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही भिंत नसलेली कैद्यांची वसाहत वसवली. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा 1957 चा चित्रपट तिच्यावरून सुचला. चित्रपट सगळ्यांनी पाहिला, स्वतंत्रपूरला जाऊन आलेले मात्र थोडेच असतील.

सुरुवात कुठून करावी

पुस्तके वाचाच. फूको वाचा, मुल्ला समितीचा 1983 चा अहवाल वाचा, 1894 चा तुरुंग कायदा वाचा आणि त्यातले किती आजही चालू आहे ते मोजा. शीला बारसे यांनी मुंबईच्या तुरुंगातल्या पंधरा स्त्रियांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला लिहिले. त्यातल्या पाचजणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले होते. त्यावरून 1983 साली स्त्रियांच्या वेगळ्या कोठडीचे आणि कायदेशीर मदतीचे आदेश झाले. पंधरा मुलाखतींतून काय घडू शकते ते त्यातून शिका. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प 1990 पासून मुंबईच्या तुरुंगांत आणि कोर्टांत काम करतो आहे. तिथल्या समाजकार्यकर्त्यांना कागदांची पायवाट पाठ आहे. त्यांच्याबरोबर चार दिवस चाला.

तुरुंगाच्या बाहेरही पाहा. मुलाखतीच्या दिवशी रांगेत बहुतेक बायका असतात. आधारकार्डाची झेरॉक्स, अर्ज, आणि आतल्याच्या नावावर मनीऑर्डर करायला बाजूला काढलेले पैसे. तुरुंगाचा किती खर्च ही माणसे उचलतात, याचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात नाही. करायचा ठरवला तर तो एका वहीत मावेल.

पण सगळ्यांच्या आधी एक दिवस जवळच्या दंडाधिकारी न्यायालयात जा. परवानगी लागत नाही, न्यायालय सर्वांना खुले असते. शेवटच्या बाकावर बसा. पोलिसांची कैदी पार्टी दोरी धरून माणसांना आणेल, किंवा पडद्यावर व्हिडिओ कॉन्फरन्सवरून चेहरे दिसतील. नाव पुकारले जाईल, वकील आहे का असे विचारले जाईल, पुढची तारीख पडेल. प्रत्येकाला किती वेळ मिळाला, तो घड्याळ पाहून लिहून ठेवा. मिनिटांत लिहू नका, सेकंदांत लिहा. समोर विचारलेले त्याला ऐकू आले का, तेही शेजारी लिहा.